गर्दीबाहेरचं रान

प्रश्न : ताई, मी सात वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे, हॅरिसबर्गजवळ मेकॅनिक्सबर्गला राहतो. एच-१बीवर आहे, ग्रीन कार्डाची वाट बघतोय. मूळचा कुडाळकडचा. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, म्हणून रानाची ओढ जुनी. गेल्या वर्षी शिकारीचा कोर्स करून परवाना काढला आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी मित्राबरोबर सरकारी शिकार-जमिनीवर गेलो. पहाटे साडेचारला पार्किंगमध्ये पिकअप ट्रकांची रांग होती. उजाडल्यावर पाहतो तर चारही बाजूंना नारिंगी टोप्या. आठच्या सुमाराला पळत्या हरणावर कुणीतरी तीन बार काढले, तेही माझ्या दिशेनं. मी खोडाआड बसून राहिलो आणि दहाला घरी आलो. बायको म्हणते, हे बंद कर. मला बंद करायचं नाही, पण तसल्या ठिकाणी परत जायचंही नाही. एक मित्र म्हणतो जमीन लीजवर घे, दुसरा म्हणतो शेतकऱ्याच्या दारात जाऊन विचार. आपल्या रंगाच्या माणसानं अनोळखी दारात बंदुकीचा विषय काढायचा, याची मला भीती वाटते. निर्धोक आणि माणसं कमी असलेली जागा शोधायची कशी?

उत्तर : दहाला घरी आलात ते उत्तम केलंत. समोरचे लोक कुठे झाडतायत याचा भरवसा नाही असं वाटलं की उठून निघायचं. हे अनेकांना वीस हंगाम झाले तरी जमत नाही.

जमिनीकडे वळण्याआधी व्हिसाचं बोलते, कारण तुमच्या पत्रातल्या बारांपेक्षा मला त्या एका ओळीची काळजी जास्त वाटली. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर या देशात आलेल्या माणसाला केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. एच-१बी त्यातच येतो. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला तुमच्या उपयोगाचा एक म्हणजे राज्यानं दिलेला, मुदत न संपलेला शिकार परवाना. आता इथं लोक कसे अडकू शकतात ते बघा. पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो. तुम्ही नवा काढायला विसरलात आणि १ जुलैला कपाटात काडतुसांचं एक खोकं पडून आहे, तर तुमचा अपवाद संपलेला असतो. बंदूक मित्राची आहे, मी फक्त नेमबाजीला गेलो होतो, हे म्हणून सुटका होत नाही, कारण कायदा मालकीचं नाही, ताब्याचं विचारतो. नव्या वर्षाचे परवाने जूनच्या अखेरीस विक्रीला येतात, पहिल्याच आठवड्यात घेऊन टाका. तुमच्या पत्नी एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असतील तर त्यांनाही हीच मनाई लागू आहे, म्हणून बंदुकीच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. स्वतःची बंदूक विकत घ्यायची असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना ही फी वाचवू नका. धनुष्यबाण आणि क्रॉसबो मात्र त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाहीत. शिकार परवाना त्यांनाही लागतोच. हा मुद्दा पुढे तुमच्या कामाला येणार आहे.

आता गर्दी. तुम्ही वर्षातला सर्वांत गजबजलेला दिवस निवडलात, आणि पार्किंगपासून फार लांब गेला नसणार. रायफलचा हंगाम पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा, २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो. नोकरदार माणसाची सोय झाली आणि पहिल्या सकाळी रान भरून वाहायला लागलं. पण जमिनीचा तुटवडा मुळीच नाही. गेम कमिशन म्हणजे राज्याचं शिकार आणि वन्यजीव खातं, त्याच्या शिकार-जमिनीच १५ लाख एकर भरतात. राज्याची वनं २२ लाख एकर. वायव्येला अ‍ॅलिगेनी राष्ट्रीय वन आहे, ते आणखी पाच लाख एकरांहून मोठं. यातली बहुतेक जमीन हंगामाच्या बहुतेक दिवशी रिकामी असते. तुमच्या घरापासून जवळचं मिशॉ वन शनिवारी भरतं, कारण ते सगळ्यांनाच जवळ आहे. दोन-अडीच तास उत्तरेला क्लिंटन परगण्यात स्प्रोल वन आहे, तीन लाख एकरांचं. तिथं मंगळवारी किंवा बुधवारी गेलात तर दिवसभरात दुसरा माणूस दिसणार नाही असे पट्टे आहेत.

तेव्हा पहिला बदल दिवसात करा. रजा शुक्रवारची टाकू नका, दुसऱ्या आठवड्यातल्या मधल्या दिवसाची टाका. धनुष्यबाणाचा हंगाम ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच उघडतो. तेव्हा रानात माणसं विखुरलेली असतात, आणि बाण जवळूनच मारायचा असल्यामुळे तुमच्या बाबतीत घडलं तसं लांबून काही यायचा धोका खूपच कमी होतो. पहिली दोन वर्षं क्रॉसबोवर काढायला माझी काहीच हरकत नाही. २०२५ मध्ये कायदा बदलून रविवारच्या शिकारीवरची बंदीही उठली. कोणते रविवार खुले ते कमिशन दरवर्षी जाहीर करतं, ते बघून घ्या.

आणि एक हंगाम असा आहे की तुमचं पत्र वाचताना मला तोच आठवला. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, इथं चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. नळीत दारू ओतायची, गोळी गजानं ठासायची, कानात चिमूटभर दारू घालायची आणि चकमकीच्या ठिणगीवर बार काढायचा. एका वेळी एकच बार. थंडी कडाक्याची असते, बर्फ असतं, दारू दमट होते, म्हणून फार कमी लोक जातात. जे जातात ते सावकाश, जपून शिकार करणारे असतात, कारण पळत्या हरणामागे तीन बार काढायची सोयच त्या बंदुकीत नाही. आजोबांच्या हातात जे हत्यार तुम्ही पाहिलंत, त्याच्या जातीचं हत्यार घेऊन बर्फातला माग काढत जायचं. गर्दी नको असलेल्या माणसाला यापेक्षा चांगला पंधरवडा मला माहीत नाही.

दुसरा बदल जागेत. बहुतेक शिकारी गाडीपासून अर्ध्या मैलाच्या आत बसतात. हा माझा गेल्या १९ हंगामांचा अनुभव आहे आणि इथल्या कुठल्याही जुन्या शिकाऱ्याला विचारा, तोही हेच सांगेल. नकाशावर सगळे रस्ते, फाटे आणि पार्किंगच्या जागा घ्या, प्रत्येकाभोवती अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढा आणि जे उरतं ते बघा. उरलेल्यात जिथं जायला सुरुवातीलाच दमवणारा चढ आहे, किंवा गुडघाभर पाण्याचा ओढा ओलांडावा लागतो, तिथं खूण करा. तुम्ही कोकणातले, सह्याद्रीत फिरलेले असाल, तर समोच्च रेषा वाचायला वेगळं शिकायला नको. इथले डोंगर बुटके आहेत पण भाषा तीच : धार, सोंड, घळ, खिंड, मधला सपाट पट्टा. माणसांनी उठवलेलं हरीण धार ओलांडायला खिंडच निवडतं, आणि दिवसा लपायला माउंटन लॉरेलची दाट जाळी, आपल्याकडे करवंदीची असते तशी, आत शिरायला माणूस कंटाळेल अशी. ओकची फळं ज्या वर्षी भरपूर पडतात त्या वर्षी हरणं त्या झाडांखालून हलत नाहीत. हे सगळं ऑगस्टमध्ये आणि परत ऑक्टोबरमध्ये पायांनी फिरून बघायचं असतं.

यात सुरक्षिततेचा एक धडा मी पहिल्याच वर्षी शेजारच्या आजोबांकडून शिकले. ते निवृत्त खाणकामगार होते, बोलायचे कमी. त्यांनी मला एवढंच सांगितलं की तुझ्या आणि पार्किंगच्या मध्ये नेहमी एक डोंगर असू दे. रायफलची गोळी दोन-तीन मैल जाऊ शकते, झाडी तिला अडवत नाही, माती अडवते. धारेच्या पलीकडच्या उतारावर, धारेपासून बरंच खाली बसलात, तर रस्त्याकडची अख्खी गर्दी मातीच्या भिंतीपलीकडे राहते. वर त्या गर्दीनं उठवलेली हरणं खिंडीतून तुमच्याकडे येतात. तुमच्या गोळीलाही तोच नियम : हरणामागे माती दिसत असेल तरच बार, धारेवर आभाळाला टेकलेल्या हरणावर कधीही नाही.

आता शेतकऱ्याचं दार. तुमची भीती मला समजते. ती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. मी पहिल्यांदा चार दारांवर गेले आणि चारही ठिकाणी नकार मिळाला. त्यातल्या एका ठिकाणी दार उघडलंच नाही, पडदा हलला फक्त. पाचव्या दारी एका दूधवाल्या शेतकऱ्यानं मला गोठ्यात उभं करून अर्धा तास प्रश्न विचारले आणि मग स्वतः ट्रॅक्टरवर बसवून हद्द दाखवली. त्या शेतावर मी आजही जाते. पहिल्या चार नकारांत माझ्या रंगाचा वाटा किती होता ते मला कधी कळलं नाही. पण नंतर मला दिसलं की मी ऑक्टोबरच्या शेवटी, संध्याकाळी, शिकारीचे कपडे घालून गेले होते, आणि तसं गेलेल्या स्थानिक माणसालाही ते नकारच देतात.

तुम्ही मे-जूनमध्ये जा. शनिवारी सकाळी, दूध काढायची वेळ टाळून, साध्या कपड्यांत. गाडी अंगणाबाहेर रस्त्यालगत दिसेल अशी लावा, दार वाजवून दोन पावलं मागे उभे राहा. पत्नी किंवा मूल बरोबर असेल तर फार फरक पडतो. दारात बंदुकीनं सुरुवात करू नका. मी अमुक गावी राहतो, अमुक ठिकाणी काम करतो, माझं आजोळही शेतकऱ्याचं, रानडुकरं पिकात शिरली की काय होतं ते मी पाहिलंय, असं बोला, कारण ते खरं आहे. या लोकांचा मका आणि सोयाबीन हरणं खातात, आणि तो त्रास ज्यानं भोगलाय त्याला ते ओळखतात. तुमचं नाव, फोन, गाडीचा नंबर लिहिलेलं कार्ड द्या. पहिल्या वर्षी हरणाची परवानगी नाही मिळाली तर उन्हाळ्यात ग्राउंडहॉग (घुशीसारखा बिळं करणारा प्राणी) मारायची मागा. त्यांची बिळं गवताच्या शेतात यंत्राची चाकं मोडतात, म्हणून शेतकरी ती खुशीनं देतो, आणि तुम्ही फाटक लावता की नाही, कचरा उचलता की नाही हे त्याला बघायला मिळतं.

शेतकऱ्याच्या मनात बहुधा एक प्रश्न असतो आणि तो तोंडानं विचारत नाही : हा माझ्या जमिनीवर पडला, पाय मोडला, तर मला कोर्टात खेचेल का? पेनसिल्व्हेनियात १९६६ पासून कायदा आहे. पैसे न घेता लोकांना शिकारीला, फिरायला जमीन वापरू दिली तर मालकावर सहसा अशी जबाबदारी येत नाही. शेतकऱ्याला हे नम्रपणे सांगा. लीजबद्दल मी कचरते तेही याच कायद्यामुळे. पैसे घेतले की ते संरक्षण जातं, मग विमा आला, करार आला, वकील आला. शिवाय लीजची जमीन शेजारच्या हद्दीवर संपते, आणि त्या हद्दीपलीकडे कोण बसलंय ते तुमच्या करारात नसतं. तीन-चार हंगाम झाले, तुम्हाला जमीन वाचता यायला लागली, की मग लीजचा विचार करा.

परवानगी मिळाली तर तिथंच एक प्रश्न नक्की विचारा : इथं आणखी कोण येतं? चाळीस एकरांच्या शेतावर सात जणांना हो म्हटलेलं असेल, तर ते मिशॉच्या पार्किंगपेक्षा धोक्याचं आहे. कोण कोणत्या दिवशी, कुठल्या कडेला बसतं, हे मालकासमोर कागदावर आखून घ्या. त्याच्या गोठ्यापासून आणि शेजाऱ्यांच्या घरांपासून १५० यार्डांचा पट्टा सोडायचा असतो, धनुष्यबाणाला ५० यार्डांचा. त्या घरातल्यांनी परवानगी दिली तरच आत. झाडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला की तिथून परत फिरा, २०२० पासून इथं तो ‘प्रवेश बंद’च्या पाटीइतकाच पक्का आहे.

दार ठोठावायचा धीर अजून होत नसेल, तर मधला मार्ग आहे. अनेक खासगी मालकांनी गेम कमिशनशी करार करून जमिनी शिकारीला खुल्या केल्यात, त्या कमिशनच्या ऑनलाइन नकाशावर दिसतात. त्याच नकाशावर डीमॅपच्या जमिनी शोधा. तिथं हरणांनी रोपं वाढू दिलेली नसतात, म्हणून मालकानं माद्या कमी करण्यासाठी जादा परवाने मागून घेतलेले असतात. ज्याला हरणं कमी व्हायला हवीच आहेत अशा माणसाशी बोलणं सोपं जातं. आपल्याकडच्या अनेकांना ही शिकार क्रूर वाटते, मला तशी पत्रं येतात. त्यांना मी इथली जंगलं दाखवू इच्छिते, जिथं लांडगा उरलेला नाही आणि हरणांनी जमिनीपासून छातीपर्यंतचं सगळं हिरवं खाऊन टाकलंय. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली ती योग्यच झाली. तिथलं दुखणं वेगळं होतं.

एकांताचे स्वतःचे धोके असतात, ते पत्नीला आधीच सांगून टाका. मचाणावरून पडणं हे इथल्या शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचं एक मोठं कारण आहे, आणि एकटं पडलात तर उचलायला कुणी नसतं. जमीन सुटल्यापासून परत जमिनीला पाय लागेपर्यंत अंगावरचा पट्टा दोराला अडकवलेला हवा. बंदूक रिकामी करून नंतर दोरीनं वर ओढायची. पहिल्या वर्षी मचाण नकोच, रुंद खोडाला पाठ लावून जमिनीवर बसा. स्प्रोलच्या घळींत फोन लागत नाही, म्हणून कागदी नकाशा, होकायंत्र, आणि परवडलं तर उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र. घरी चिठ्ठी : गाडी कुठे, कोणत्या घळीत, किती वाजेपर्यंत वाट बघायची आणि नंतर कुणाला फोन करायचा. आणि मारलेलं हरीण पन्नास किलोच्या घरात असतं. दीड मैल चढावर ते एकट्यानं ओढताना छातीत कळ येऊन माणसं गेलेली आहेत. मदतीला कोण येणार ते ठरलेलं नसेल तर इतक्या आत जाऊ नका.

रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी रंग कायद्यानंच हवा, चारही बाजूंनी दिसेल असा. तुम्ही दुप्पट घाला. पांढरा रुमाल, पांढरी टोपी, पांढरे मोजे घरी ठेवा, कारण इथल्या हरणाची ओळखच पांढरी शेपटी. कुणी तुमच्याकडे येताना दिसलं तर हात हलवू नका, मोठ्यानं माणसासारखं बोला. आणि हाका करणाऱ्या, म्हणजे ओळीनं चालत हरणं उठवणाऱ्या, टोळ्यांपासून लांब राहा. इथं पंचवीस जणांपर्यंत हाका करायची मुभा आहे, आणि पळत्या जनावरावरचे बार तिथंच होतात. तुमच्यावर आले ते तसलेच असावेत. एकाच दिशेनं ओळीत चालत येणारी माणसं दिसली, की तुमची जागा कितीही चांगली असो, त्यांच्या वाटेतून बाजूला व्हा.

पुढच्या हंगामाला अजून वेळ आहे. बर्फ वितळल्यावर, झाडांना पानं फुटायच्या आधी, रान जसं उघडं दिसतं तसं वर्षात पुन्हा दिसत नाही. हरणांच्या वाटा, बसायच्या जागा, खोडांवर शिंगं घासल्याच्या खुणा सगळं समोर असतं. एखादा रविवार काढून पत्नीला घेऊन जा. तुम्ही कुठल्या धारेमागे बसणार, गाडी कुठं असणार, ओढा कुठून ओलांडणार हे त्यांना चालवून दाखवा. घरी आल्यावर दोघांनी गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड बघा, लाइमचा आजार या राज्यात फार आहे. मग जूनमध्ये परवाना, आणि एखाद्या शनिवारी दार वाजवायला. पहिल्या दारी काय झालं ते मला कळवा, नकार मिळाला तरी कळवा.